१९६६ ची एमजीबी: पुढचे ब्रेक पॅड घरी बदलायचेत, एक पिस्टन मागे जात नाही

उघडंछत

नमस्कार मंडळी. गाडी १९६६ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पुढे लॉकहीडचे दोन पिस्टनवाले फिक्स्ड कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा, स्वतः न सरकणारा भाग), मागे ड्रम. ब्रेकचं सर्किट एकच, सर्वो (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही. चाकं तारांची. गाडी बराच काळ उभी होती.

पुढच्या पॅडवर जेमतेम २ मिमी मटेरियल उरलंय. उजव्या चाकाचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलाय आणि थोडी चालवून आणली की उजवं चाक डाव्यापेक्षा गरम लागतं. डावीकडचे दोन्ही पिस्टन दाबले की मागे सरकतात. उजवीकडचा बाहेरचाही सरकतो, आतला मात्र जागचा हलत नाही.

विचारायचं एवढंच: पॅड बदलण्याचा नीट क्रम काय, हा पिस्टन कॅलिपर न उतरवता सुटेल का, आणि पॅड कोणत्या प्रकारचे घ्यावेत? ब्रेक ऑइल कधी बदललंय याची नोंद नाही.

पाना_आणि_पकड

आधी क्रम सांगतो, पिस्टनचं नंतर बघू.

हँडब्रेक मागच्या ड्रमवर असला तरी त्याच्या भरवशावर राहू नका, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचा नट गाडी जमिनीवर असतानाच ढिला करा. तारांच्या चाकांचा मधला नट गाडीच्या डाव्या बाजूला घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो आणि उजव्या बाजूला घड्याळाच्या दिशेने. उजवीकडे सवयीने उलटा ठोकला तर तो आणखी आवळत जातो. नटावर दिशा कोरलेली असते, ती वाचून मगच तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने मारा. मग जॅक, आणि जॅकवर न ठेवता स्टँडवर. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

कॅलिपरमधली धूळ फुंकू नका आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. त्या काळच्या पॅड आणि लायनरमध्ये (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ॲस्बेस्टॉस सर्रास असे, आणि तुमच्या गाडीत आज कोणते बसलेत हे तुम्हाला माहीत नाही. ब्रेक क्लीनरने ओलं करा, फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. चांगला मास्क लावा.

आता पॅड. पॅड धरून ठेवणारी स्प्रिंग अंगठ्याने दाबून धरा, दोन्ही स्प्लिट पिनांची टोकं सरळ करा आणि पकडीने ओढून काढा. दाब सोडल्याबरोबर स्प्रिंग उडते, चष्मा हवाच. पॅड किंचित फिरवून बाहेर ओढा. एका वेळी एकच पॅड काढा. दोन्ही काढून एक पिस्टन दाबायला गेलात तर ते ऑइल समोरच्या पिस्टनला बाहेर ढकलतं आणि तो बोअरमधून (पिस्टन बसतो त्या भोकातून) सुटायला वेळ लागत नाही.

पिस्टन मागे दाबण्याआधी ब्लीड निपलला (कॅलिपरमधून ऑइल आणि हवा बाहेर काढायच्या छोट्या तोंडाला) पारदर्शक नळी लावा, नळीचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा, निपल अर्धा फेरा उघडा, पिस्टन दाबा आणि दाब चालू असतानाच निपल बंद करा. कॅलिपरमधलं ऑइल सगळ्यात जास्त तापलेलं आणि सगळ्यात घाण असतं. ते उलटं मास्टर सिलिंडरकडे (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या भागाकडे) ढकलण्यात काहीच फायदा नाही, शिवाय टाकी भरून वाहिली तर खालच्या रंगाची साल निघते. सांडलंच तर नुसतं पुसून भागत नाही, भरपूर पाण्याने धुवा.

निपल अडकला असेल तर आदल्या दिवसापासून गंजावरचं तेल सोडत राहा आणि सहा कोनांचा बरोबर मापाचा सॉकेट वापरा. गाडीवरचे नटबोल्ट इंचाच्या मापाचे आहेत, जवळचा मिमी पाना लावलात तर कोन गोल झालेच म्हणून समजा.

पिस्टनच्या तोंडावर एका बाजूला खाच असते, ती कुठल्या दिशेला आहे त्याचा काढण्यापूर्वी फोटो घ्या आणि पिस्टन फिरू देऊ नका. पॅडची लोखंडी पाठ जिथे कॅलिपरला घासते त्या कडा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. नवा पॅड हाताने आत-बाहेर सहज सरकला पाहिजे. अडकत असेल तर बहुधा नव्या पॅडच्या कडेवर रंगाचा जाड थर असतो, तेवढाच कानशीने घासा. त्या कडांवर आणि पाठीवर उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा पुसट हात चालेल, मटेरियलवर आणि डिस्कवर अजिबात नाही. स्प्लिट पिना नव्याच घाला.

सगळ्यात शेवटी, गाडी जागची हलवण्याआधी पेडल मारून पॅड डिस्कला टेकवा. पहिल्या एक-दोन वेळा पेडल सरळ खाली जाईल, ते साहजिक आहे. पण हे विसरून गाडी बाहेर काढली तर पहिला ब्रेक लागणारच नाही.

सीलवाले

वरच्या क्रमात एक भर घालतो. जुना मास्टर सिलिंडर असेल तर पेडल तळापर्यंत दाबू नका. रोजच्या वापरात आतला पिस्टन बोअरच्या ठरावीक भागातच फिरतो आणि पुढचा भाग गंज-गाळ धरून बसतो. पेडल तळाला नेलं की सील त्या खडबडीत भागावरून जातं आणि फाटतं. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, म्हणजे अर्ध्याहून थोडं पुढे जाऊन ते थांबेल.

आता अडकलेला पिस्टन. आधी दोष कुठे आहे ते ओळखा. चाक धरून बसलेलं असताना निपल उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, तर दाब मागे अडकून राहत होता, म्हणजे होज पाइप (कॅलिपरला ऑइल नेणारी लवचिक रबरी नळी) किंवा मास्टर सिलिंडर. निपल उघडूनही चाक तसंच, तर पिस्टनच जाम. पुढची दोन्ही चाकं धरत असतील तर नजर मास्टर सिलिंडरकडे वळवा: पेडलला वरच्या टोकाशी सुमारे ३ मिमी मोकळी चाल आहे का आणि टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक उघडं आहे का, हे बघा. मोकळी चाल नसेल तर आतला पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं आणि ब्रेक तापतील तसे अधिकच धरत जातात.

तुमचं एकच चाक, आणि त्यातलाही एकच पॅड जास्त झिजलेला. होजचा दोष असता तर दोन्ही पिस्टनवर सारखाच आला असता. त्यामुळे पिस्टनच जाम आहे असं मी म्हणेन. तो मागे येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो, झिजतो आणि तापवतो.

मागे रेटण्याऐवजी आधी पुढे आणा. मोकळा पिस्टन जी-क्लॅम्पने (स्क्रू आवळून पकडणाऱ्या चापाने) आत दाबून धरा, जाम पिस्टनसमोर पातळ लाकडी फळी ठेवा म्हणजे तो पूर्ण निघून येणार नाही, आणि कुणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा. ब्रेकच्या दाबाइतका सरळ आणि सारखा जोर पाना घालून येत नाही. ५-६ मिमी बाहेर आला की उघडा पडलेला भाग नीट पुसा, टॉर्च मारून तपासा. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर लाल रबर ग्रीसचा हात देऊन परत आत दाबा. असं चार-पाच वेळा केलं की बरेचसे मोकळे होतात. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल तिथे चालत नाही, त्याने ब्रेकची रबरं फुगतात.

मोकळा झालेला पिस्टन स्वतःहून मागे येतो का, हेही बघा. फिक्स्ड कॅलिपरमध्ये मागे ओढणारी स्प्रिंग नसते. ब्रेक दाबल्यावर ऑइल सील पिस्टनबरोबर जरासं पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे आणतं. सील कडक झालं असेल तर ते हे काम करत नाही, मग पिस्टन कितीही मोकळा असो, चाक गरम होणारच.

उघडंछत

खूप आभार दोघांचे. निपल उघडून चाक सुटलं नाही, म्हणजे पिस्टनच. क्लॅम्प लावून पेडलने बाहेर आणला. रबर बुटाखाली (पिस्टनच्या तोंडावरच्या धूळरोधक रबराखाली) जिथे तो बसून होता तिथे क्रोमवर गंजाचे बारीक खड्डे आहेत, नखाला लागतात. पॉलिश पेपरने घासून चालेल का?

सीलवाले

नाही. नखाला लागतो तो खड्डा क्रोमच्या खाली पोचलेला असतो. घासून तुम्ही उरलेलं क्रोमही काढाल आणि नवं सील पहिल्या काही दिवसांतच त्यावर घासून गळायला लागेल. नवे पिस्टन घ्या, स्टेनलेस स्टीलचे मिळाले तर उत्तम, गाडी फार चालत नसेल तर तेच बरे पडतात. पिस्टन आणि सील दोन्ही बाजूंना बदला, एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवलं की गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते.

कॅलिपरचे दोन भाग जोडणारे बोल्ट खोलू नका, गरज पडत नाही. युक्ती अशी: एक पिस्टन क्लॅम्पने धरा, दुसरा पेडलने बाहेर काढा, बोअर स्वच्छ करून सील बदला, नवा पिस्टन बसवा. मग निपलमधून एअर काढा, हा नवा पिस्टन क्लॅम्पने धरा आणि उरलेला पेडलने काढा. दोन्ही एकदम काढायला गेलात तर पहिला निघाल्यावर दाबच राहत नाही आणि दुसरा आत अडकून बसतो. बोटं मध्ये ठेवू नका. सील काढायला लाकडाची किंवा प्लास्टिकची काडी घ्या. स्क्रू ड्रायव्हरचा ओरखडा खाचेत पडला की तिथूनच गळती सुरू होते.

या निमित्ताने तिन्ही रबरी होजही बदला: पुढचे दोन आणि मागच्या ॲक्सलवर जाणारा एक. बाहेरून शाबूत दिसणारा जुना होज आतून सुजलेला असू शकतो: पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण परत यायला वाट मिळत नाही. सोडवताना आधी धातूच्या पाइपचा नट, होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून. होज कधी पिळू नका. आणि नवा बसवल्यावर स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तो कुठे ताणला किंवा घासला जात नाही ना, ते बघा.

ठंडा_ब्रेक

पॅडबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. सर्वो नसलेल्या गाडीत पायाचा जोर हाच सगळा जोर. कठीण सिरॅमिक किंवा शर्यतीचे पॅड टिकतात जास्त, पण बरेचसे थंड असताना नीट पकडत नाहीत आणि जुन्या मऊ ओतीव लोखंडाच्या डिस्क खातात. तुम्हाला ऑरगॅनिक प्रकारचे मऊ पॅडच योग्य.

पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर बऱ्याचदा दोन अक्षरी खूण असते. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही अक्षरं एफ असलेला पॅड तुमच्या गाडीला शोभेल. पहिलं अक्षर ई असेल तर सकाळच्या पहिल्या ब्रेकला पाय दुखेपर्यंत दाबावं लागेल.

डिस्कची जाडी चार-पाच ठिकाणी मायक्रोमीटरने मोजा, व्हर्नियर बाहेरच्या कडेच्या गंजावर टेकतो आणि जास्त जाडी दाखवतो. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर तो आधी काढा, नाहीतर डिस्क वाकडी नसतानाही डायल गेज (डिस्कचं डुलणं मोजणारं काटेरी यंत्र) डुलताना दिसेल.

ऑइल डॉट ४ घ्या, सीलबंद डब्यातलं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषून घेतल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. जांभळं सिलिकॉनचं डॉट ५ त्यात मिसळू नका, आणि नावात साम्य असलं तरी डॉट ५.१ ही वेगळी गोष्ट आहे, ते ग्लायकॉलचंच असतं.

उघडंछत

नवे पिस्टन, सील, होज आणि पॅड बसले. चारही चाकांची एअर काढली, लांबच्या चाकापासून सुरुवात करून. चाक आता गरम होत नाही. पण पेडल अर्ध्याच्या खाली गेल्यावर पकडतं. अजून एअर आहे का?

पाना_आणि_पकड

लगेच पुन्हा एअर काढायला बसू नका. पेडल पटापट दोनदा मारा. दुसऱ्यांदा वर येऊन टणक लागलं तर एअर नाही, कुठेतरी अंतर जास्त आहे, आणि ते नव्वद टक्के वेळा मागच्या ड्रममध्ये असतं. मारल्यावरही लिबलिबीत लागलं तर एअर. आणि टणक पेडल पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत गेलं, बाहेर कुठे गळतीही नाही, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. मग मात्र गाडी बाहेर काढायची नाही.

मागचे लायनर जुळवायला बॅकप्लेटवर (ड्रमच्या मागच्या पत्र्यावर) चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर आहे. चाक उचला, हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर घड्याळाच्या दिशेने चाक जाम होईपर्यंत फिरवा, पेडल एकदा जोरात दाबून लायनर मध्यावर येऊ द्या, मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक टप्पा मागे घ्या. हलकीशी खसखस ऐकू आली तरी हरकत नाही. चौकोन गंजलेला असेल तर चौकोनीच पाना लावा, साध्या पान्याने त्याचे कोपरे जातात.

उघडंछत

दुसऱ्यांदा मारल्यावर वर येऊन टणकच लागत होतं. मागचे लायनर जुळवले, पेडल आता वरच पकडतं. पॅड रुळवायचे कसे?

ठंडा_ब्रेक

मोकळा, सरळ रस्ता बघा. ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, मग अर्धा-एक किलोमीटर ब्रेक न लावता चालवा म्हणजे डिस्क गार होईल. असं दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवू नका, पॅडचं मटेरियल डिस्कवर एकाच जागी चिकटतं आणि पुढे ब्रेक थरथरतो. नंतरचे २०० ते ३०० किमी गरज नसताना जोरात ब्रेक मारू नका.

परत आल्यावर निपल, होजचे सांधे आणि टाकीची पातळी तपासा, चाकांचे नट पुन्हा ठोकून बघा. दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना पेडल दाबून अर्धा मिनिट धरा आणि प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू लावून बघा. डोळ्याला न दिसणारी ओल त्यावर लगेच उमटते.