४.२२चा हिशेब

सायली (सी-३०१): ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी ही क्लिप आत्ता बघा. अलेक्झांड्रा ट्रुसोव्हा, बीजिंग ऑलिंपिक, फिगर स्केटिंग, १७ फेब्रुवारी २०२२, फ्री स्केट, म्हणजे चार मिनिटांचा मोठा प्रोग्राम. पाच क्वाड. पाच!! तोवर ऑलिंपिकमध्ये कुठल्याच मुलीने केलं नव्हतं. आणि तरी रौप्य. मला अजून पचत नाही.

फर्नांडिस आंटी (ए-४०२): किती गोड आहे गं पोरगी. क्वाड म्हणजे काय?

सायली: एका उडीत हवेत चार गिरक्या, आंटी. आणि उतरायचं एका पायावर, मागे सरकत.

इनामदार सर (बी-२०१): हे सगळं पाऊण सेकंदाच्या आत. हात छातीशी आवळलेले बघा, म्हणून एवढ्या वेगाने फिरते. उतरताना हात उघडले की वेग कमी. अकरावीच्या पोरांना हीच क्लिप दाखवणार आता.

देशमुख (सेक्रेटरी): सर्व सभासदांना कळविण्यात येते की उद्या सकाळी १० ते १ टाकी धुण्याचे काम आहे. पाणी भरून ठेवावे.

जोगळेकर काका (ए-१०२): नोंद घेतली. सायली, क्लिप बघितली. एकदाही पडली नाही. मग रौप्य कशाला? सोनं कोणी नेलं?

सायली: आना श्चेर्बाकोव्हा. तीही रशियाचीच, कोचही तीच, एतेरी तुत्बेरिद्झे. आनाने दोनच क्वाड मारले काका. दोन!

जोगळेकर काका: पाचाला रौप्य नि दोनाला सोनं? जजेसनी घोळ घातलेला दिसतोय. आणि हे बीजिंग म्हणजे गलवानवालं ना? दूरदर्शनने उद्घाटन दाखवायला नकार दिला होता ते?

मेधाताई (बी-५०३): हो काका, तेच. आपला एकटा आरिफ खान होता तिथे, स्कीइंगला. पण घोळ वगैरे काही नाही. ज्या चार मिनिटांवरून चार वर्षं भांडणं चाललीयत, त्या चार मिनिटांत साशा पहिलीच आली होती. फ्रीमध्ये साशा १७७.१३, आना १७५.७५. सोनं हातचं गेलं ते दोन दिवस आधी, १५ तारखेच्या शॉर्टमध्ये, म्हणजे छोट्या प्रोग्राममध्ये. दोन्हींची बेरीज धरतात. ती क्लिप कोणी फॉरवर्ड करत नाही.

जोगळेकर काका: साशा कोण आता?

सायली: अलेक्झांड्राचं लाडाचं नाव काका. रशियात सगळ्या अलेक्झांड्रा साशाच.

जोगळेकर काका: बरं. शॉर्टचे आकडे दे मेधा.

मेधाताई: त्याच कोचची तिसरी रशियन मुलगी वालियेव्हा ८२.१६, आना ८०.२०, जपानची साकामोतो ७९.८४, साशा ७४.६०. चौथी होती ती.

जोगळेकर काका: थांबा. शॉर्टमध्ये आना ५.६० ने पुढे. फ्रीमध्ये साशा १.३८ ने पुढे. वजा जाता ४.२२. शेवटचा फरक किती होता?

मेधाताई: २५५.९५ आणि २५१.७३.

जोगळेकर काका: ४.२२. ताळेबंद जुळला.

फर्नांडिस आंटी: काका एकदम खुश 😄

सायली: पण ताई, शॉर्टमध्ये मुलींना क्वाड मारायलाच बंदी होती! मुलग्यांना चालतं, मुलींना नाही. म्हणजे जिच्याकडे जगात कुणाकडे नाही ते आहे, तिला म्हणायचं घरी ठेवून ये. साशाने ज्युनियर असताना, २०१८ ला सोफियाच्या वर्ल्ड ज्युनियरला एकाच फ्रीमध्ये दोन क्वाड टाकले होते, तेरा वर्षांची होती. त्याच वर्षी येरेव्हानला क्वाड लुट्झ. क्वाड टो लूप, लुट्झ, फ्लिप, उड्यांचे हे तिन्ही प्रकार स्पर्धेत पहिल्यांदा करणारी बाई तीच. आणि शॉर्टमध्ये तिचा हिशेब काय, तर ट्रिपल ॲक्सेल येतो का तुला!

मेधाताई: हा मुद्दा शंभर टक्के मान्य. क्वाड नाही म्हटल्यावर शॉर्टमध्ये वर जायला मुलीकडे एकच शिडी, ट्रिपल ॲक्सेल. ॲक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतात, त्यामुळे तीन म्हणता म्हणता साडेतीन गिरक्या होतात. साशाची ती उडी कधीच भरवशाची नव्हती. क्वाड लुट्झ जमतो आणि ट्रिपल ॲक्सेल जमत नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तिचं होतं तसं. बीजिंगच्या शॉर्टमध्ये तिने धाडस केलं आणि धाडकन पडली.

राजेश (सी-१०३): मग कशाला केलं? सोपी उडी मारायची. क्रिकेटमध्ये पण हेच, गरज नसताना पुढे येऊन मारायचं.

मेधाताई: राजेश, तिच्या जागी डबल ॲक्सेल केला असता तर मिळाले किती असते ते काकांना विचार. काका, हे घ्या. ट्रिपल ॲक्सेलची मूळ किंमत ८.००. पडलं की जजेस साधारण उणे पाच देतात, म्हणजे किंमत निम्मी. शिवाय पडण्याचा १ गुण वेगळा कापतात. डबल ॲक्सेलची मूळ किंमत ३.३०, आणि सगळ्या जजेसनी डोळे मिटून अधिक पाच दिले तरी दीडपटीच्या वर जात नाही.

जोगळेकर काका: पडून मिळाले ४ वजा १, म्हणजे ३.००. डबल अगदी देवासारखा केला तर ४.९५. फायदा फार तर १.९५. हवे होते ४.२२ च्या वर. नाही पुरत.

जोगळेकर काका: आणि ट्रिपल नुसता उभ्याने उतरला असता, ना अधिक ना उणे, तरी ८.००. म्हणजे ५ गुण जास्त. ४.२२ फिटून वर ०.७८ शिल्लक. सोनं तिचं!

सायली: काका 😭😭😭

राजेश: बापरे. म्हणजे रिस्क घेतली तेच बरोबर होतं?

मेधाताई: त्या एका उडीपुरतं बघितलं तर हो. पडल्यावर कॉम्पोनंटही थोडे खाली येतात, तो भाग सोडा. पण सुरक्षित खेळून सोनं नव्हतंच.

आयेशा (बी-१०४): कॉम्पोनंट म्हणजे ते नाच, संगीत वगैरे? आमच्या रिदाच्या रोलर स्केटिंगच्या सरांनी पण असंच काहीतरी सांगितलं होतं.

मेधाताई: हो. फ्रीचा कागद बघ. टेक्निकलमध्ये साशा १०६.१६, आना १००.४९. कॉम्पोनंटमध्ये साशा ७०.९७, आना ७५.२६. आता सायली, रागावू नकोस. साशाच्या पाच क्वाडची नुसती मूळ किंमत धरली, दोन लुट्झ, एक फ्लिप, एक सॅलको, एक टो लूप, तर ५३.२० होते. आनाचे दोन फ्लिप, २२.००. आणि एवढं करून टेक्निकलमधली आघाडी किती? ५.६७. उरलेलं कुठे गेलं? आनाने बाकीच्या ट्रिपल उड्या, फिरक्या, पायांचं काम यात ते पैशापैशाने भरून काढलं. तिची उडी संपते कुठे आणि पुढचं वळण सुरू होतं कुठे ते कळत नाही. साशा उडीच्या आधी बघ, रिंकच्या अर्ध्या भागात नुसती मागे पळत असते, वेग गोळा करत. मला ती आवडते, पण त्या वेळात संगीत एकटंच वाजत असतं.

सायली: ताई, मान्य नाही. वेग गोळा करणार नाही तर चार गिरक्या काय लिफ्टने येणार? मुलींनी लुट्झ चार गिरक्यांचा करायचा ही कल्पनाच २०१८ पर्यंत नव्हती. तिने दार फोडलं म्हणून आनाही क्वाड शिकली, वालियेव्हाही शिकली. त्याचे गुण कुठल्या रकान्यात लिहितात?

मेधाताई: त्याला रकाना नाही, हे खरं.

फर्नांडिस आंटी: मला त्या दिवशीचं तिचं रडणं आठवतंय बातम्यांत. तीच ना ही? कोचला ढकलत होती?

सायली: हीच. तुत्बेरिद्झे मिठी मारायला आली तर झटकलं. म्हणाली, मला हा खेळ नकोय, परत कधी बर्फावर येणार नाही. सगळ्यांकडे सोनं आहे, फक्त माझ्याकडे नाही. मग कसंबसं तिला पोडियमवर नेलं.

राजेश: ऑलिंपिकचं रौप्य मिळालं आणि रडते? आपल्याकडे असतं तर मिरवणूक काढली असती, हत्ती आणला असता.

मेधाताई: राजेश, तू तिच्या जागी उभा राहा. त्या एकाच कोचच्या तिघी बीजिंगला. टीम इव्हेंटच्या शॉर्टला आणि फ्रीला, दोन्हीला वालियेव्हाला उतरवलं, साशाला नाही. त्यामुळे त्या दिवशी वालियेव्हाकडे टीमचं सोनं, आनाकडे वैयक्तिक सोनं, हिच्याकडे नाही. त्याआधी रशियन नॅशनल्सला आना तीनदा लागोपाठ जिंकलेली, मग २०२२ च्या मोसमात वालियेव्हा. साशा कायम दुसरी नाहीतर तिसरी. मध्ये २०२० ला एतेरींना सोडून दुसऱ्या कोचकडे, प्लुशेंकोकडे गेली, वर्षभरात परत आली. सतरा वर्षांच्या पोरीने एवढं सगळं करून पाच क्वाड उभे केले आणि बोर्डावर २ लागला.

डॉ. वर्षा (ए-६०१): आत्ता ओपीडीतून आले, सगळं वाचलं. गंमत बघा, ज्या सोन्याबद्दल ती रडली ते वालियेव्हाकडेही राहिलं नाही. तिचा २५ डिसेंबर २०२१ चा डोपिंग चाचणीचा नमुना, त्यात बंदी असलेलं ट्रायमेटाझिडिन सापडलं. हे अंजायनाचं औषध आहे, छातीत दुखणाऱ्या आजोबांना आम्ही देतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शरीरात!

जोगळेकर काका: माझ्या डब्यात आहे ते, सकाळ-संध्याकाळ 🙏

डॉ. वर्षा: काका, तिच्या बाजूने हेच सांगितलं होतं, आजोबांच्या औषधातून गेलं म्हणून. क्रीडा लवादाने ते मान्य केलं नाही. जानेवारी २०२४ ला चार वर्षांची बंदी, मागील तारखेपासून. टीमचं सोनं अमेरिकेला गेलं, रशिया तिसऱ्यावर घसरला. अमेरिकेच्या मुलांना ते पदक ऑगस्ट २०२४ ला मिळालं, पॅरिसला, आयफेल टॉवरजवळ. हिवाळी पदक भर उन्हाळ्यात.

आयेशा: आणि त्या दिवशी तिला स्केट करू दिलंच कसं?

डॉ. वर्षा: अहवाल स्टॉकहोमच्या लॅबमधून ८ फेब्रुवारीला आला, टीम इव्हेंट संपल्यावर. लहान आहे म्हणून लवादाने वैयक्तिकमध्ये उतरू दिलं. पण ऑलिंपिक समितीने सांगून टाकलं की ती पहिल्या तिघींत आली तर पदक समारंभच होणार नाही. त्या ओझ्याखाली फ्रीमध्ये पडत-धडपडत १४१.९३, आणि चौथी. मी ते बघताना टीव्ही बंद केला होता. आजूबाजूची मोठी माणसं काय करत होती हा माझा प्रश्न आहे. एकाच पायावर, अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट भार, दिवसात कित्येकदा. ट्रुसोव्हा स्वतः २०२१ च्या स्केट अमेरिका स्पर्धेला पायाच्या दुखापतीसह उतरली होती, एकच क्वाड करून जिंकली आणि पुढच्या स्पर्धेतून माघार घेतली.

सायली: हो, ते मला आठवतंय. जिंकली म्हणून मी नाचत होते.

आयेशा: रिदा अकरा वर्षांची आहे. दोन गिरक्या शिकवू का म्हणून सर विचारत होते. थांबवू का डॉक्टर?

डॉ. वर्षा: थांबवू नकोस गं. पण पार्किंगच्या सिमेंटवर नको, लाकडी फ्लोअर असेल तिथेच. आणि दुखतंय म्हणाली तर त्या दिवशी सुट्टी. सर काहीही म्हणोत.

देशमुख (सेक्रेटरी): पार्किंगमध्ये स्केटिंगबाबत मागील सभेत ठराव झालेला आहे.

आयेशा: दादा, रिदा तिथे करतच नाही. ती सी विंगची मुलं.

इनामदार सर: आता वय वाढवलंय ना?

मेधाताई: हो सर. जून २०२२ ला, आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेच्या फुकेतच्या अधिवेशनात. सीनियरसाठी १५ वरून आधी १६, मग २०२४-२५ पासून १७. माझ्या मते चार वर्षं उशिराच. सोची ऑलिंपिकला लिपनित्स्काया पंधराची, प्योंगचांग ऑलिंपिकला झागितोव्हा पंधराची, मग वालियेव्हा. तेच चक्र.

सायली: साशाला मात्र काहीच उपयोग नाही. बीजिंगनंतर पुढच्याच महिन्यात रशियातल्या स्पर्धेत उतरली ती, म्हणजे रागात बोलली तसं काही वागली नाही. पण १ मार्च २०२२ ला रशियनांना बाहेरची दारं बंद झाली. तिला शॉर्टचा बदला घ्यायला आंतरराष्ट्रीय बर्फच उरला नाही.

राजेश: युद्ध त्यांनी सुरू केलं, मग बंदी येणारच.

सायली: त्यावर मी भांडत नाहीये राजेशदादा. तिच्याबद्दल बोलतेय.

जोगळेकर काका: मेधा, तू प्योंगचांगचं नाव काढलंस. तिथेही दोन रशियनच होत्या ना पहिल्या?

मेधाताई: झागितोव्हा आणि मेदवेदेव्हा, २०१८. काका, तुमच्यासाठी मेजवानी. फ्रीमध्ये दोघींना सारखेच गुण, १५६.६५. दशांशापर्यंत सारखे. शॉर्ट ८२.९२ आणि ८१.६१.

जोगळेकर काका: फरक १.३१. म्हणजे पूर्ण सोनं शॉर्टवर!

मेधाताई: आणि झागितोव्हाने फ्रीमधल्या सगळ्या उड्या उत्तरार्धात ठेवल्या होत्या, कारण उत्तरार्धातल्या उडीला दहा टक्के जास्त मिळत. लोकांनी एवढी ओरड केली की पुढच्या मोसमात नियमच बदलला, आता फ्रीमध्ये फक्त शेवटच्या तीन उड्यांना तो लाभ.

जोगळेकर काका: हुशार मुलगी. नियमात राहून वसूल केलंन. मेदवेदेव्हाच्या लोकांनी आकडेमोड करायला नको होती का आधी?

सायली: काका, आता तुम्ही झागितोव्हाचे फॅन झालात का? 😄

जोगळेकर काका: मी आकड्यांचा फॅन. पण पाच क्वाडवाली पोर मनात बसली हो. तो शेवटचा लुट्झ मी तीनदा मागे घेऊन बघितला. बरं, शॉर्टची क्लिप टाक. पडलेली बघू दे एकदा, नुसत्या कागदावर समाधान होत नाही.

सायली: मी नाही टाकणार. ताई, तुम्ही टाका.

मेधाताई: टाकते काका. दोन मिनिटं चाळीस सेकंदांची आहे. ॲक्सेल पहिलीच उडी, चहा बाजूला ठेवूनच लावा.