वायरलेस पिक-टू-लाइट : वायर ओढावी की बॅटऱ्या बदलाव्यात?

प्रश्न : किटिंगवाला

नमस्कार. चाकण परिसरातल्या एका मध्यम कारखान्यात मी स्टोअर आणि लाइनला माल पुरवण्याचे काम पाहतो. आमच्याकडे दुचाकीच्या हँडलबारची सब-असेंब्ली होते. मॉडेल ११, बिन (सुटे भाग ठेवायचे खोके) ६४, आणि एका किटमध्ये, म्हणजे एका जोडणीसाठी एकत्र काढलेल्या भागांच्या संचात, साधारण १२ भाग असतात. एका शिफ्टला सुमारे २०० किट भरावे लागतात आणि दोन शिफ्ट चालतात. आजवर छापील यादी पाहून माल काढला जात असे, पण मॉडेल वाढले तशा चुकाही वाढल्या. एम ६ चे २० आणि २५ मिलिमीटरचे बोल्ट शेजारी ठेवले तर फरक दिसतो. एकटा बोल्ट हातात आला की शिफ्टच्या सातव्या तासाला तो कोणालाही ओळखू येत नाही. डाव्या-उजव्या ब्रॅकेटची गतही तीच आहे.

यावर उपाय म्हणून पिक-टू-लाइट बसवायचे ठरले आहे, म्हणजे प्रत्येक बिनसमोर दिवा, किती नग घ्यायचे तो आकडा आणि घेतल्यावर दाबायचे बटण. एक पुरवठादार २४ व्होल्टच्या पट्टीवर बसणारी वायरची प्रणाली सुचवतो, तर दुसऱ्याची प्रणाली वायरलेस असून दोन एए सेलवर चालते आणि सेल दोन वर्षे टिकतील असे तो सांगतो. आमच्या लाइनची मांडणी वरचेवर बदलते आणि निम्मे रॅक चाकांवर आहेत, म्हणून माझा ओढा वायरलेसकडे आहे. ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उत्तर १ : जुना मेंटेनन्सवाला

मी दोन्ही प्रकार सांभाळले आहेत, त्यामुळे आधी दोन वर्षांच्या दाव्याचा हिशेब करू. एए अल्कलाइन सेलची क्षमता सुमारे २५०० मिलिअँपिअर-तास धरा. दोन सेल एकामागे एक जोडले की व्होल्टेज दुप्पट होते, क्षमता तेवढीच राहते. दिवा आणि आकडा मिळून १० मिलिअँपिअर घेत असतील आणि दर वेळी १५ सेकंद लागत असतील, तर शिफ्टला २०० वेळा लागणारा दिवा एकूण ३००० सेकंद, म्हणजे ५० मिनिटे जळतो. दोन शिफ्टचे मिळून दिवसाला सुमारे १७ मिलिअँपिअर-तास खर्च होतात आणि सेल पाच महिन्यांत संपतो. दोन वर्षांचा आकडा खोटा नाही, पण तो दिवसाला पन्नासएक वेळा लागणाऱ्या दिव्याचा आहे. तुमच्याकडे सर्व मॉडेलना लागणाऱ्या बोल्टचा दिवा पाच महिन्यांत मान टाकेल आणि एखाद्याच मॉडेलच्या ब्रॅकेटचा दिवा वर्षानुवर्षे चालेल. त्यामुळे सगळे सेल एकाच दिवशी बदलण्याचे वेळापत्रक करू नका. कोणत्या दिव्याचे व्होल्टेज किती आहे हे सॉफ्टवेअरमध्ये दिसते का, ते विचारा.

दुसरा प्रश्न विलंबाचा. सेल वाचवण्यासाठी हे दिवे बहुतेक वेळ झोपलेले असतात आणि ठरावीक अंतराने जागे होऊन ‘मला काही निरोप आहे का’ एवढे पाहतात. ते अंतर अर्ध्या सेकंदाचे असेल, तर निरोप पोहोचायला सरासरी पाव सेकंद जातो. किटमधले बाराही दिवे एकदम लागत असतील तर हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण एकाचे बटण दाबल्यावरच पुढचा लागणार असेल, तर किटमागे तीन सेकंद आणि २०० किटांमागे दहा मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात.

वायरच्या बाजूचेही सांगतो. आमच्या वायरच्या प्रणालीत इलेक्ट्रॉनिक्स फारसे बिघडले नाही. ट्रॉलीचे चाक केबलवरून गेले की मात्र एका झटक्यात आख्खी ओळ अंधारात जाई. चाकांच्या रॅकला वायर हे दुखणेच आहे.

उत्तर २ : तरंगलांबी

रेडिओच्या बाजूने थोडी भर घालतो. अशा अनेक प्रणाली २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि कारखान्याचे वाय-फाय व ब्लूटूथ स्कॅनरही तिथेच असतात. तुमचे दिवे ८०२.१५.४ या, कमी विजेवर चालणाऱ्या वायरलेस उपकरणांच्या मानकावर चालणार असतील, तर त्यांना ११ ते २६ असे १६ चॅनल मिळतात. वाय-फाय १, ६ आणि ११ या चॅनलवर असेल तर दिव्यांसाठी २५ किंवा २६ निवडावा, कारण ते दोन्ही त्यांच्या पलीकडे पडतात. आपल्याकडे राउटर १३ व्या चॅनलवरही चालू शकतो आणि तसा तो लावलेला असेल तर ही सोय संपते; म्हणून आयटी विभागाशी बोलून राउटरचे चॅनल पक्के करून घ्या, ‘ऑटो’वर सोडू नका.

परदेशातून परस्पर काही मागवणार असाल तर ९१५ मेगाहर्ट्झचे उपकरण घेऊ नका. तो पट्टा अमेरिकेत खुला आहे. आपल्याकडे त्याच्या आसपास मोबाइल सेवा चालते. भारतात कमी फ्रिक्वेन्सीचा परवानामुक्त पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो.

चाचणी भरलेल्या रॅकवरच घ्या. रिकाम्या रॅकमधून संदेश आरपार जातो; त्याच रॅकमध्ये बोल्टांनी भरलेले क्रेट ठेवले की समोर लोखंडाची भिंत उभी राहते. आमच्या चाचणीत सकाळी रॅक रिकामे होते आणि सगळे दिवे लागले. दुपारी माल भरल्यावर खालच्या ओळीतले चार दिवे गप्प झाले. गेटवे, म्हणजे दिव्यांना निरोप पाठवणारे मुख्य यंत्र, उंचावर, गल्लीच्या टोकाला लावल्यावर ते पुन्हा बोलू लागले.

उत्तर ३ : तपासनीस

वरची दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, परंतु गुणवत्तेचे काम करणाऱ्या माणसाला यातला खरा धोका त्या गप्प झालेल्या चार दिव्यांत दिसतो. यादीवर काम करणाऱ्या माणसाकडून चुकीचा भाग घेतला जातो. दिव्यावर काम करणारा माणूस मात्र न लागलेल्या दिव्याचा भाग घेतच नाही, कारण दिवा नाही म्हणजे भाग नको, हेच आपण त्याला शिकवलेले असते. सेल संपला काय किंवा संदेश अडला काय, परिणाम एकच : किटमध्ये एक भाग कमी. म्हणून अपेक्षित सर्व दिव्यांकडून ‘लागलो’ आणि ‘घेतले’ अशी दोन्ही उत्तरे आल्याशिवाय किट पूर्ण झाल्याचे सॉफ्टवेअरने मानता कामा नये. प्रात्यक्षिकाच्या वेळी एका दिव्याचा सेल हळूच काढून ठेवा आणि पडद्यावर काय दिसते ते पाहा. मी तरी पुरवठादाराची परीक्षा अशीच घेतो.

शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्यांनी १९६१ साली यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात केलेला बदल इथे आठवतो. एका लहान स्विचमध्ये दोन स्प्रिंगा बसवायच्या असत आणि कामगार कधी कधी एक विसरत. शिंगोंनी दोन स्प्रिंगा आधी एका ताटलीत काढून ठेवायला लावल्या. ताटलीत स्प्रिंग उरली की विसरल्याचे कळे. पिक-टू-लाइट कामाआधी सांगते, पण कामानंतर काही उरले का हे पाहत नाही. बटण दाबणे म्हणजे ‘मी घेतले’ हे माणसाचे म्हणणे, पुरावा नव्हे. महिनाभरात हात सरावतात आणि आधी बटण, मग बिन असा क्रम होतो. किटच्या ट्रेमध्ये प्रत्येक भागाच्या आकाराचा खाचा असलेला फोम घातला, तर ती ताटली तुम्हाला जवळजवळ फुकट मिळते.

आणखी एक गोष्ट म्हणजे बिन भरताना चुकीचा माल पडला, तर दिवा चुकीचाच भाग तुम्हाला मोठ्या आत्मविश्वासाने देत राहतो. भरतेवेळी क्रेटचा आणि बिनचा असे दोन्ही बारकोड स्कॅन करण्याची सक्ती नसेल, तर नुसत्या दिव्यांवर खर्च करू नका.

जाता जाता : दोन माणसे एकाच रॅकवर काम करणार असतील आणि त्यांना वेगळे रंग द्यायचे असतील, तर लाल-हिरवी जोडी टाळा. तो फरक न दिसणारे लोक प्रत्येक कारखान्यात असतात आणि ते स्वतःहून सांगत नाहीत. निळा आणि पिवळा बरा.

किटिंगवाला

तिघांचेही मनापासून आभार. ‘मांडणी वरचेवर बदलते’ असे मी लिहिले होते खरे, पण उत्तरे वाचल्यावर रजिस्टर काढून मोजले. गेल्या वर्षभरात सात बदल झाले, आणि त्यांपैकी पाच वेळा फक्त बिनमधले पार्ट नंबर इकडचे तिकडे झाले. त्यासाठी सॉफ्टवेअरमधली नोंद बदलणे पुरते, वायर असो वा नसो. रॅक प्रत्यक्ष हलले ते दोनदाच, आणि तेही चाकांचेच.

त्यामुळे आता ४० बिनांच्या स्थिर रॅकला वायर आणि चाकांवरच्या २४ बिनांना वायरलेस, अशी मिश्र मागणी काढत आहे. सुदैवाने सर्वाधिक वापराचे बोल्ट स्थिर रॅकवरच आहेत, म्हणजे पाच महिन्यांच्या सेलचा प्रश्नही बराचसा सुटतो. दोन्ही प्रकार एकाच सॉफ्टवेअरवर चालवू शकणारा पुरवठादार मात्र शोधावा लागेल. येत्या गुरुवारी साप्ताहिक सुट्टी आहे, लाइन बंद असेल. वायरलेसवाल्याला त्याच दिवशी भरलेल्या रॅकवर चाचणीसाठी बोलावले आहे. सेल काढण्याचे त्याला आधी सांगणार नाही.