मदत हवी आहे: मारुती ८००, दोन नंबर सिलिंडरमध्ये रिंग गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) कमी येतोय

इंजिन ७९६ सीसी, कार्बोरेटरचं. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८.५० मिमी, आता ०.५० ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठा) करून ६९.०० चे पिस्टन आणि रिंगा आणल्या आहेत. पिस्टन अजून बसवलेले नाहीत.

वरची रिंग पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजला: एक आणि तीनमध्ये ०.२४ मिमी, दोनमध्ये फक्त ०.१५. तीच रिंग एक नंबरमध्ये टाकली की पुन्हा ०.२४, म्हणजे दोष रिंगेत नाही. गॅपमधला फरक ०.०९, तो परिघातला म्हणून ३.१४ ने भागला तर दोन नंबरचा बोअर सुमारे ०.०३ ने लहान निघतो. वर, मध्ये, खाली गॅप सारखाच, त्यामुळे टेपर (वर-खाली व्यासात फरक) दिसत नाही. पिस्टनच्या स्कर्टपाशी (खालच्या भागापाशी) ०.०४ ची पट्टीही दोन नंबरमध्येच अडकते.

रिंग घासून गॅप वाढवा असं कृपया सुचवू नका. पिस्टन तरीही घट्टच राहील आणि गरम झाल्यावर धरेल. बोअर गेज (आतला व्यास मोजायचं साधन) जवळ नाही. ब्लॉक पूर्ण रिकामा आहे, त्यामुळे पुन्हा वर्कशॉपला नेता येईल.

व्यासात एवढं ०.०३ नुसत्या होनिंगने (घासदगडांनी आतून घासून) निघेल का, की अंडाकार होण्याच्या भीतीने पुन्हा बोअरिंग मशिनवरच लावावं आणि तिन्ही सिलिंडर ०.७५ ओव्हरसाइजला न्यावेत?