सीएफ (सिस्टिक फायब्रोसिस) असलेल्या भाच्याची इम्युनिटी वाढवायला काय द्यावं? बेडक्यात सूडोमोनास जंतू निघालाय

ठाण्याची_मावशी
माझी बहीण इंग्लंडमध्ये लेस्टरला असते, तिच्या मुलाला सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आनुवंशिक आजार आहे, जन्मल्यावर टाचेतून रक्त घेतात ना तिकडे, त्यातच कळलं होतं. आता नऊ वर्षांचा आहे, आत्तापर्यंत बरं चाललं होतं पण परवाच्या तपासणीत बेडक्यात सूडोमोनास आला, पहिल्यांदाच. तिकडच्या टीमने तोंडाने सिप्रो आणि नेब्युलायझरमधून कोलिस्टिन, अशी दोन अँटिबायोटिक्स चालू केलीयेत. इकडे आमच्या फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं एकच, पोराची इम्युनिटी वीक आहे, च्यवनप्राश पाठव, गुळवेल पाठव. आई तर बॅग भरायलाच बसलीये 😅 मला पडलेला प्रश्न असा की इम्युनिटी वीक असेल तर त्याला बाकी कुठलंच इन्फेक्शन कसं होत नाही? जखमा पटकन भरतात, गोवर कांजिण्या काही नाही, सगळं छातीतच का? कोणी नीट सांगेल का, आणि आयव्ही (शिरेतून) न देता गोळ्यांवर भागवतायत ते बरोबर आहे ना?

कोकणी_काका
गुळवेल आणि हळदीचं दूध. आमच्या घरात कोणाला सर्दी टिकत नाही.

पेशीवाली
काका, सर्दीची गोष्ट वेगळी हो. (मी इम्युनॉलॉजीत पीएचडी केलीये, डॉक्टर नाही, औषधाचं शेवटी त्यांच्या टीमलाच विचारा.)

मावशी, तुमची शंका अगदी बरोबर जागी आहे. सीएफमध्ये इम्युनिटी नेहमीच्या अर्थाने कमी नसते. बिघाड सीएफटीआर नावाच्या जीनमध्ये असतो, 1989 मध्ये सापडला तो. त्यातून पेशीच्या पडद्यावर क्लोराइड आणि बायकार्बोनेट बाहेर सोडणारं दार बनतं, ते दार नीट चालत नाही म्हणून श्वासनळीच्या आतला चिकट थर सुकतो आणि घट्ट होतो, बारीक केस त्याला वर ढकलू शकत नाहीत आणि आत आलेला जंतू तिथेच मुक्काम ठोकतो. म्हणून सगळं छातीत.

मग शरीर काय करतं, तर न्यूट्रोफिल पाठवतं, पांढऱ्या पेशींमधली पहिली फळी. आणि थोड्याथोडक्या नाही, आयएल-8 सारखे रासायनिक निरोप सुटतच राहतात आणि पेशी येतच राहतात. त्या घट्ट बेडक्यात अडकून मरतात, फुटतात, आणि त्यांच्यातलं इलास्टेज नावाचं एन्झाइम बाहेर सांडतं. हे इलास्टेज जंतूपेक्षा फुफ्फुसालाच जास्त नडतं, श्वासनळीची भिंत खातं, वर जंतूला चिकटलेल्या अँटिबॉडी कापतं, न्यूट्रोफिलला जंतू ओळखायला लागणारे रिसेप्टर पण कापतं. म्हणजे पोलीस इतके आले की गर्दीत त्यांच्याच काठ्या एकमेकांना लागतायत आणि चोर मजेत. ऑस्ट्रेलियात अगदी तान्ह्या बाळांची फुफ्फुसं धुऊन बघितली तर ज्यांच्यात तीन महिन्यांनाच इलास्टेज सापडलं त्यांच्यात पुढे श्वासनळ्या रुंद होऊन बिघडण्याचं प्रमाण जास्त निघालं. बेडका हिरवा दिसतो तो रंगही बराचसा न्यूट्रोफिलमधल्याच एका एन्झाइमचा असतो.

अँटिबॉडीचंही तेच. कोपनहेगनमध्ये नील्स हॉयबी यांनी वर्षानुवर्षं बघितलंय, सूडोमोनास कायमचा बसलेल्या पेशंटमध्ये अँटिबॉडी भरपूर असतात आणि ज्यांच्यात जास्त त्यांची फुफ्फुसं उलट जास्त खराब. जंतू तोवर अल्जिनेटचा चिकट लेप पांघरून बायोफिल्ममध्ये (जंतूंच्या चिकट वसाहतीत) बसलेला असतो, अँटिबॉडी त्याचं काही वाकडं करू शकत नाहीत, मग जंतूचे तुकडे आणि अँटिबॉडी यांचे गुंते फुफ्फुसात साचून अजून न्यूट्रोफिल बोलावतात. त्यामुळे इथे “वाढवायला” काही नाहीच आहे मावशी.

ठाण्याची_मावशी
अगं बाई. मग उलट विचारते, ही आग शांत करायला स्टेरॉइड का देत नाहीत? दम्याला देतात तसं.

पेशीवाली
देऊन बघितलंय. अमेरिकेत एक दिवसाआड प्रेडनिसोन हे स्टेरॉइड देऊन मोठी ट्रायल झाली, फुफ्फुसाला थोडा फायदा दिसला पण मुलांची उंची खुंटली, मोतीबिंदू, साखर वाढली, जास्त डोसचा गट मध्येच थांबवावा लागला. मग 1995 मध्ये आयब्युप्रोफेन या दुखण्या-सुजेवरच्या औषधाचा जबरी डोस, लहान मुलांमध्ये फुफ्फुसाची घसरण खरंच मंदावली, पण रक्तातली लेव्हल मोजत बसावं लागतं कारण कमी पडली तर फायदा नाही, म्हणून फार कोणी वापरत नाही. आणि एक तर धडाच आहे, न्यूट्रोफिलला बोलावणारा एक निरोप (ल्युकोट्रायीन बी4) अडवणारं औषध ट्रायलमध्ये दिलं तर छातीचा त्रास उफाळून येण्याचं प्रमाण वाढलं, ट्रायल बंद. म्हणजे ती फौज त्रास देते पण जंतूला काही प्रमाणात अडवून पण धरते, एकदम घरी पाठवून चालत नाही. सध्या जास्त चालतं ते अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक, आठवड्यातून तीनदा, सूडोमोनासला मारायला नाही तर जळजळ कमी करायला, पण ते जंतू कायमचा बसलेल्यांना जास्त करून, तुमच्या भाच्याची ती वेळ आलेली नाही.

छातीठोक_फिजिओ
माझा विषय आला 🙂 मेलेल्या न्यूट्रोफिलचा डीएनए बेडक्यात सुटतो, तो लांबच लांब धाग्यांसारखा, म्हणून सीएफचा बेडका कपातून ओतला तरी पडत नाही, तार धरून लोंबतो. डॉर्नेज अल्फा नावाचं नेब्युलायझरचं औषध तेच धागे कापतं, 1993 पासून आहे. ते, नेब्युलायझरमधून खारं पाणी ओढणं आणि रोजची फिजिओ, बहिणीला विचारा यातलं काय काय चालू आहे, सुट्टीत नातेवाईक आले की पहिली दांडी फिजिओला बसते हे मी कायम बघते.

गोळ्या की आयव्ही, त्याचं उत्तर तिकडेच मिळालंय. ब्रिटनमध्येच टॉर्पेडो नावाची ट्रायल झाली, 2020 मध्ये छापून आली, पहिल्या सूडोमोनाससाठी आयव्ही काही तोंडाच्या सिप्रोपेक्षा सरस ठरलं नाही, कोलिस्टिन दोन्हीकडे होतंच. तेव्हा हॉस्पिटलात न टाकता घरीच चाललंय यात हयगय वगैरे काही नाही. फक्त कोर्स पुरा करायचा, नेब्युलायझरचा कंटाळा आला म्हणून मध्ये सोडायचा नाही, कारण आत्ता तो साधा जंतू आहे, लेपवाला झाला की मग निघत नाही.

ठाण्याची_मावशी
बहीण काफ्ट्रिओ म्हणून गोळी म्हणते, ती चालू आहे. त्यावर गुळवेल नको ना मग?

पेशीवाली
नकोच. काफ्ट्रिओवर लिव्हरच्या टेस्ट नियमित करतात, आणि कोविडच्या काळात मुंबईतल्याच लिव्हरच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमधल्या लिव्हर बिघडल्याच्या केसेस छापल्या होत्या, त्यावर वादही बराच झाला, पण या मुलावर कशाला प्रयोग. गोळी छान आहे, ते दारच बऱ्यापैकी उघडतं, बेडका पातळ होतो. तरी जंतू आला तर मारावाच लागतो.

कोकणी_काका
बरं, गुळवेल राहू दे. मग आजीने न्यायचं काय?

छातीठोक_फिजिओ
लाडू, चकल्या बिनधास्त, सीएफच्या मुलांना कॅलरी लागतातच, फक्त खाण्याबरोबर पचनाची एन्झाइम गोळी असेल तर ती चुकवायची नाही. आणि आजीने निघायच्या आधी फ्लूची लस घ्यायची. सूडोमोनास आजीला व्हायची भीती नाही, पण आजीचा फ्लू नातवाला नको.

ठाण्याची_मावशी
आईला सांगितलं. बॅगेतून च्यवनप्राशच्या दोन बरण्या बाहेर, चकल्या आत. लसीवरून भांडण चालू आहे.