स्कॅनरची की आणि कीबोर्डची की जीटीकेमध्ये वेगळी कशी ओळखायची? (वेलँडवर आल्यापासून अडलंय)

देवघेव_टेबल

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयासाठी मी देवघेवीचा प्रोग्रॅम लिहिला आहे. पायथन, पायगॉब्जेक्ट, जीटीके ३ (खिडक्या, बटणं काढून देणारी टूलकिट). खिडकी एकच. वर सभासदाचं नाव शोधायची चौकट, खाली आज दिलेल्या आणि परत आलेल्या पुस्तकांची यादी. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर दाखल क्रमांकाचं बारकोड लेबल आहे: मराठी पुस्तक असेल तर आधी एम, इंग्रजी असेल तर ई, आणि पुढे आकडे. स्कॅनर साधा, यूएसबीचा, हातात धरायचा.

संध्याकाळी टेबलावर गर्दी असते. ग्रंथपाल ताई चौकटीत 'कुलक' एवढं टाइप करतात न करतात तोच समोरचे काका पुस्तक पुढे सरकवतात आणि ताई दुसऱ्या हाताने स्कॅनर दाबतात. पुस्तक यादीत गेलं पाहिजे आणि चौकटीतलं 'कुलक' जसंच्या तसं राहिलं पाहिजे. उबुंटू २०.०४ वर हे व्यवस्थित चालत होतं. की दाबल्याच्या इव्हेंटला मी त्याचं सोर्स डिव्हाइस विचारायचो, नाव स्कॅनरचं निघालं की हार्डवेअर कीकोड वाचून क्रमांक जुळवायचो आणि इव्हेंट तिथेच थांबवायचो.

आता यंत्रावर २२.०४ आहे, म्हणजे खिडक्या आणि की हाताळायला जुन्या एक्स-११ ऐवजी वेलँड आलं. स्कॅनर असो की कीबोर्ड, सगळ्या कींना एकाच उपकरणाचं नाव येतं. त्यामुळे स्कॅनर सरळ चौकटीत टाइप करतो, आणि ताईंचा लेआउट मराठी इन्स्क्रिप्ट असल्याने एमचा 'श' होतो, ईचा 'आ'. काल एका सभासदाचं नाव 'कुलकश' आणि त्यापुढे आकडे असं शोधलं गेलं.

जीडीकेचा बॅकएंड एक्स-११ ठेवून चालवून पाहिलं, काही फरक नाही. जीटीके ४ मध्ये डिव्हाइस मॅनेजर काढून सीट आणली आहे असं वाचलं. सगळा प्रोग्रॅम ४ वर नेला तर सीट मला दोन कीबोर्ड वेगळे दाखवेल का? तसं असेल तर दिवाळीच्या सुट्टीत बसून नेतो.

टर्मिनल_तात्या

सुट्टी वाचवा. लॉगिनच्या पडद्यावर नाव निवडलं की खाली उजव्या कोपऱ्यात दातेरी चाक दिसतं, त्यात 'उबुंटू ऑन एक्सऑर्ग', म्हणजे जुनं एक्स-११, निवडा. जुना कोड जसाच्या तसा चालेल.

जुना_जीटीकेवाला

तात्यांचा उपाय आज चालेल, पण त्यावर वाचनालय उभं करू नका. उबुंटू २५.१० मध्ये गनोमचं (उबुंटूच्या डेस्कटॉपचं) एक्सऑर्ग सत्र काढून टाकलं आहे. पुढच्या वेळी यंत्र बदललं की तुम्ही पुन्हा इथेच.

तुमच्या कोडमध्ये काही खोट नाही. तो ज्या माहितीवर उभा होता ती माहितीच आता प्रोग्रॅमपर्यंत पोचत नाही. हे एकदा नीट समजून घ्या, नाहीतर ४ वर नेण्यात सुट्टी घालवाल आणि हाती काही लागणार नाही.

एक्स सर्व्हरच्या १.७ मध्ये, २००९ साली, एक्सइनपुट-२ आलं. त्यात उपकरणांचे दोन थर होते. वर एक आभासी पॉइंटर आणि एक आभासी कीबोर्ड, त्यांच्याखाली प्रत्यक्ष जोडलेली प्रत्येक वस्तू आपापल्या नावाने. २०११ च्या जीटीके ३.० ने तेच चित्र जसंच्या तसं उचललं. डिव्हाइस मॅनेजरकडे यादी मागितली की मास्टर, स्लेव्ह आणि कुणालाही न जोडलेली अशी तीन प्रकारची उपकरणं मिळायची. तुम्ही विचारत होता ते सोर्स डिव्हाइस म्हणजे खालच्या थरातली वस्तू, म्हणजे तुमचा स्कॅनर.

३.२० मध्ये, २०१६ साली, डिव्हाइस मॅनेजर निवृत्तीच्या यादीत गेला आणि सीट आली. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं नुसतं नाव बदललंय. तसं नव्हतं. सीट ही कल्पना वेलँडच्या मांडणीशी जुळणारी आहे: एका माणसाच्या हाताखालची सगळी साधनं मिळून एक सीट, तिला एक पॉइंटर, एक कीबोर्ड, एक टच. डिसेंबर २०२० च्या जीटीके ४ मध्ये मॅनेजर उरलाच नाही.

आता की कशी प्रवास करते ते बघा. तुमच्या यंत्रावर गनोमचा कंपोझिटर (पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्रॅम), म्हणजे मटर, लिबइनपुट या लायब्ररीमार्फत सगळे कीबोर्ड वाचतो. स्कॅनर हाही त्याच्या लेखी कीबोर्डच. मग ज्या खिडकीवर फोकस आहे तिला तो निरोप धाडतो. त्या निरोपात चारच गोष्टी असतात: अनुक्रमांक, वेळ, कीचा क्रमांक, आणि दाबली की सोडली. कोणत्या उपकरणावरून, याला त्यात रकानाच नाही. जीटीकेच्या कानावर जे कधी पडलंच नाही ते जीटीके ३ सांगू शकत नाही, ४ सुद्धा नाही.

बॅकएंड एक्स-११ ठेवून का जमलं नाही तेही यातूनच येतं. तो प्रोग्रॅम एक्सवेलँडवर (एक्सचे प्रोग्रॅम वेलँडवर चालवणाऱ्या पुलावर) चालतो आणि एक्सवेलँड स्वतःच वेलँडचा ग्राहक आहे. टर्मिनलमध्ये एक्सइनपुटची यादी काढून बघा. तुमच्या स्कॅनरचं नाव शोधूनही सापडणार नाही. तिथे सगळ्या खऱ्या कीबोर्डांच्या जागी 'एक्सवेलँड-कीबोर्ड' अशी एकच ओळ असेल.

चित्र काढायच्या टॅब्लेटला मात्र ही अडचण नाही. त्याच्यासाठी वेलँडमध्ये स्वतंत्र प्रोटोकॉल आहे. प्रत्येक टॅब्लेट आपलं नाव, व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक सांगतो, आणि पेनाला अनुक्रमांक असेल तर तोही कळतो. जीटीकेत सीटवर नवं टूल आल्याचा सिग्नल मिळतो. म्हणजे यंत्रणेला उपकरणं वेगळी ठेवता येत नाहीत असं नाही. कीबोर्डच्या बाबतीत ती एकत्र करायची हे ठरवून केलं आहे, आणि मला ते पटतं. टाइप करणाऱ्या माणसाकडे लॅपटॉपचा कीबोर्ड आहे की बाहेरचा, याच्याशी शंभरातल्या नव्याण्णव प्रोग्रॅमना काय देणंघेणं? तुमचा प्रोग्रॅम शंभरावा. त्याला टूलकिटच्या बाहेरूनच जावं लागेल.

तेव्हा 'ही की कोणत्या कीबोर्डची' हा प्रश्नच सोडा. स्कॅनरला कीबोर्डांच्या रांगेतून बाहेर काढा.

सर्वात स्वच्छ मार्ग: स्कॅनरच्या माहितीपुस्तिकेत सेटिंगचे बारकोड छापलेले असतात. त्यात यूएसबी सिरियल किंवा व्हर्च्युअल कॉम असा एखादा असेल तर तो वाचवा. स्कॅनर कीबोर्ड राहत नाही, सिरियल पोर्ट होतो, बहुधा टीटीवाय-एसीएम-शून्य या नावाने. वापरणाऱ्याला डायलआउट (सिरियल पोर्ट वापरू देणाऱ्या) गटात घाला, पोर्ट उघडा, त्याचा फाइल डिस्क्रिप्टर जीलिबच्या लूपला जोडा. साधी आस्की अक्षरं येतात, शेवटी कॅरेज रिटर्न. लेआउटचा संबंधच संपतो. एमचा एमच राहतो, ताई इन्स्क्रिप्टमध्ये असोत नाहीतर आणखी कशात.

प्रीफिक्सवाली

सिरियल मोड नसेल तर आणखी एक उपाय. बहुतेक स्कॅनरना प्रत्येक कोडच्या आधी एखादी खूण पाठवायला सांगता येतं. मी दुकानाच्या बिलिंगसाठी एफ-१२ लावली आहे. खिडकीवर कॅप्चर फेजमध्ये कीचा कंट्रोलर बसवायचा (तुमच्या ३ मध्ये खिडकीचाच की-प्रेस सिग्नल), म्हणजे चौकटीच्या आधी आपल्याला की मिळते. एफ-१२ दिसली की एंटरपर्यंतचं सगळं आपण गिळायचं. अक्षर नाही, कीकोड वाचायचा: १ म्हणजे १०, शून्य म्हणजे १९, एम म्हणजे ५८, एंटर ३६. लेआउट कुठलाही असो, हे आकडे बदलत नाहीत. कुठलीही परवानगी लागत नाही, वेलँडवर बिनतक्रार चालतं.

जुना_जीटीकेवाला

प्रीफिक्सवाली ताईंचा मार्ग चांगला आहे, एकट्या खिडकीच्या प्रोग्रॅमला पुरतो. एकच पाहा: नेमकी ट्रिगर दाबताना ताई ब्राउझरमध्ये असतील तर एफ-१२ आणि क्रमांक तिकडे जाणार, आणि ब्राउझरमध्ये एफ-१२ ने डेव्हलपरची खिडकी उघडते. दुसरी एखादी बिनकामाची फंक्शन की मिळाली तर बरं.

दोन अक्षरांमधला वेळ मोजून 'एवढं भरभर टाइप झालं म्हणजे स्कॅनरच' असं ठरवणारा कोडही लोक लिहितात. तो करू नका. तोपर्यंत पहिलं अक्षर चौकटीत पडलेलं असतं.

देवघेव_टेबल

सर, इतकं सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. ४ वर न्यायचा बेत रद्द. पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतली, पण या मॉडेलला सिरियल मोड नाही, आणि खूण म्हणून फंक्शन की सुद्धा पाठवता येत नाही, नुसती अक्षरं. मग आता लिबइनपुटला हा स्कॅनर दुर्लक्षित करायला सांगावं का? यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं हाताळणाऱ्या यंत्रणेच्या) नियमात तसं लिहिता येतं असं दिसलं.

जुना_जीटीकेवाला

येतं. व्हेंडर आणि प्रॉडक्ट क्रमांक जुळवून 'लिबइनपुट-इग्नोर-डिव्हाइस' ला १ दिलंत की मटरला तो दिसणारच नाही. पण आधी एक विचारतो. तोच स्कॅनर तुम्ही दुसऱ्या कशात वापरता का? वार्षिक साठा पडताळणीला बरीच वाचनालयं थेट लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये स्कॅन करत जातात. दुर्लक्षित केलात तर तिथे एक अक्षर उमटणार नाही.

देवघेव_टेबल

हो, आमची पडताळणी तशीच होते! मार्चमध्ये दोन मुलं कपाटागणिक कॅल्कमध्ये स्कॅन करत बसतात.

जुना_जीटीकेवाला

मग ग्रॅब करा. उपकरणाच्या की थेट वाचणारं पायथनचं एव्हडेव्ह पॅकेज घ्या. डेव्ह फोल्डरमधल्या इनपुटखाली बाय-आयडी नावाचा फोल्डर आहे. त्यात स्कॅनरच्या नावाचा, 'इव्हेंट-केबीडी' ने संपणारा दुवा असतो, तो उघडा. इव्हेंट-७, इव्हेंट-९ असले क्रमांक कोडमध्ये लिहू नका, यूएसबी काढून घातलं की बदलतात. उघडून ग्रॅब म्हटलंत की त्या उपकरणाच्या की फक्त तुम्हाला येतात, मटरला नाही. खिडकीचा 'इज-ॲक्टिव्ह' गुणधर्म खरा झाला की ग्रॅब, खोटा झाला की सोडा. म्हणजे प्रोग्रॅम समोर असताना स्कॅनर तुमचा आणि कॅल्क समोर आलं की तो पुन्हा साधा कीबोर्ड. कोड येत असताना मधेच ग्रॅब घेऊ नका, नाहीतर 'की सोडली' हा निरोप मटरला मिळत नाही आणि तेच अक्षर धडाधड उमटत राहतं.

इथले कीकोड वर दिलेल्यांपेक्षा ८ ने कमी: एम ५०, एंटर २८. एक्सच्या जमान्यातला तो ८ चा फरक वेलँडवरही कायम आहे. मूल्य १ म्हणजे दाबली, ० सोडली, २ म्हणजे आपोआप पुनरावृत्ती. १ तेवढी घ्या. शिफ्ट वेगळी की म्हणून येईल, ती सोडून दिलीत तरी तुमच्या क्रमांकांना चालतं.

परवानगीबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. जालावर सगळीकडे 'वापरणाऱ्याला इनपुट गटात घाला' असं मिळेल. घालू नका. त्या गटात गेलं की त्या खात्यावर चालणारा कुठलाही प्रोग्रॅम खऱ्या कीबोर्डची प्रत्येक की वाचू शकतो, पासवर्डसकट. वाचनालयाच्या यंत्रावर सभासदांचे पत्ते आहेत, वर्गणीचे हिशोब आहेत. त्याऐवजी यूडेव्हचा नियम फक्त या स्कॅनरच्या व्हेंडर-प्रॉडक्ट क्रमांकांवर लिहा आणि त्याला 'यूॲक्सेस' हा टॅग द्या. समोर लॉगिन असलेल्याला तेवढ्याच एका उपकरणाची परवानगी मिळते. नियमाच्या फाइलचं नाव ७३ च्या आधीचं ठेवा, ७० चालेल. पुढचा आकडा दिलात तर टॅग लावूनही परवानगी मिळत नाही, आणि का मिळत नाही ते कुठेच छापून येत नाही.

देवघेव_टेबल

चाललं! आत्ता वाचनालयातूनच लिहितोय. चौकटीत 'कुलक' तसंच, खाली यादीत पुस्तक आलं. कॅल्क उघडल्यावर त्यात नेहमीसारखं स्कॅन होतं.

दोन शंका उरल्या. ताई कधीकधी मोबाइल चार्ज करायला स्कॅनरचीच वायर काढतात, मग प्रोग्रॅम त्रुटी देऊन पडतो. आणि परतीच्या खिडकीसाठी अगदी असाच दुसरा स्कॅनर येणार आहे. दोन्हींचा व्हेंडर-प्रॉडक्ट एकच निघेल ना?

जुना_जीटीकेवाला

पहिलं: वायर काढली की वाचताना त्रुटी क्रमांक १९ येतो, असं उपकरण नाही म्हणून. तो पकडा, फाइल बंद करा आणि पट्टीवर 'स्कॅनर जोडलेला नाही' असं ठळक दाखवा. परत जोडल्याची खबर सीटच्या डिव्हाइस-ॲडेड सिग्नलवरून मिळेल या आशेवर राहू नका. तिच्यासाठी कीबोर्ड आधीपासून एकच आहे, तो कुठे गेलेलाच नसतो. पायूडेव्हचा (यूडेव्हच्या खबरी पायथनला देणाऱ्या पॅकेजचा) मॉनिटर लावा.

दुसरं: एकच निघेल, आणि स्वस्त स्कॅनरना अनुक्रमांकही नसतो, त्यामुळे बाय-आयडीमध्ये दोघांचा दुवा एकाच नावाचा होईल. शेजारीच बाय-पाथ फोल्डर आहे, त्यात यूएसबीच्या भोकानुसार नावं असतात. दोन भोकं ठरवून टाका, यंत्राच्या पाठीमागे 'देणे' आणि 'परत' अशा चिठ्ठ्या चिकटवा. चार्जिंगसाठी ताईंना वेगळा प्लग द्या.