विलो चिपला ‘निव्वळ जाहिरात’ म्हणण्यापूर्वी

माळवेकर : काल येथे एका सदस्यांनी गूगलची विलो ही क्वांटम संगणकाची चिप ‘निव्वळ जाहिरात’ ठरवली, म्हणून सविस्तर लिहितो. डिसेंबर 2024 मधील या 105 क्यूबिटच्या (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचा मूलभूत घटक) चिपबद्दल एका गणितासाठी ‘पाच मिनिटे विरुद्ध महासंगणकाची अब्जावधी वर्षे’ एवढेच गाजले. खरी बातमी निराळी होती. क्यूबिटची जाळी 3×3 वरून 5×5 आणि पुढे 7×7 केली, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर गणनेतील चुका वाढण्याऐवजी निम्म्याहून कमी झाल्या. याचसाठी संशोधक 1995 पासून झटत होते.

लोकमान्यनगरकर : ते मीच लिहिले होते आणि मागे घेणार नाही. पाच मिनिटांत सोडवलेल्या त्या गणिताचा व्यवहारात कोणालाही उपयोग नाही. 2019 मध्ये गूगलच्याच आधीच्या सिकॅमोर चिपच्या वेळीही ‘दहा हजार वर्षे’ म्हटले गेले आणि ते काम अडीच दिवसांत होईल, असे आयबीएमने लगेच मांडले. परीक्षा स्वतःच काढायची आणि पहिला क्रमांकही स्वतःच घ्यायचा, हे मला पटत नाही.

निवृत्त शिक्षक : मी इंदुरात बावीस वर्षे महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवले. आमचा ऑसिलोस्कोप, म्हणजे विद्युत लहर पडद्यावर दाखवणारे यंत्र, हिरव्या कापडाखाली कुलपात असे आणि किल्ली एकाच साहाय्यकांच्या कमरेला. ते रजेवर गेले की मुले मी फळ्यावर काढलेली लहर वहीत उतरवून घेत. क्वांटम संशोधनासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला 2023 मध्ये सहा हजार कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली. तिच्यातून ते कपाट उघडणार आहे का?

माळवेकर : सर, विषय भरकटतो आहे. आपल्याच गावात राजा रामन्ना संशोधन केंद्रात इंडस-2 सिंक्रोट्रॉन (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र क्ष-किरण मिळवणारे मोठे यंत्र) चालतो. यंत्रे नाहीत, असे कसे म्हणता?

निवृत्त शिक्षक : विषय हाच आहे! सिंक्रोट्रॉन लांबून पाहिलेल्या मुलाने एक तारही कधी स्वतः जोडलेली नसेल, तर ती चिप उद्या आपल्याकडे बनवणार कोण? माझी एक हुशार विद्यार्थिनी एम.एस्सी.ला पुण्यास गेली. पहिल्याच प्रात्यक्षिकात कोणते बटण फिरवायचे ते तिला कळेना. रात्री फोनवर ती रडत होती आणि मला उत्तर सुचत नव्हते.

लोकमान्यनगरकर : सरांपुढे बोलता येत नाही. 7×7 चे निष्कर्षही मी रात्री वाचले. चुका घटल्या, हे नाइलाजाने मान्य करतो. परंतु ती सगळी जाळी मिळून एकच तार्किक क्यूबिट (अनेक क्यूबिट मिळून चुका सावरणारा, गणनेस वापरता येणारा एक क्यूबिट) होतो आणि उपयोगाच्या कामाला असे शेकडो-हजारो लागतील. त्यामुळे ‘निव्वळ’ हा शब्द तेवढा मागे घेतो, ‘जाहिरात’ नाही.