मदत हवी आहे: जुन्या वास्तूतील हॉटेलच्या खोल्यांत वरच्या मजल्यावरील पावलांचा आवाज कसा रोखावा?

शंभराहून अधिक वर्षे जुन्या, वारसा म्हणून संरक्षित इमारतीत आम्ही नऊ खोल्यांचे बुटीक हॉटेल चालवतो. मजल्यांच्या दरम्यान लाकडी तुळया आणि त्यांवर फळ्या आहेत. वरचा पाहुणा पहाटे उठून न्हाणीघराकडे गेला, तर खालच्या पाहुण्याला त्याचे प्रत्येक पाऊल मोजता येते. बोलणे मात्र फारसे ऐकू येत नाही, म्हणजे अडचण हवेतून येणाऱ्या ध्वनीपेक्षा आघाताच्या ध्वनीची आहे.

जाड गालिचे आणि त्यांखाली नमदा अंथरून पाहिला; टाचांची टकटक बोथट झाली, पण घुमणारी धपधप तशीच राहिली. एक फळी उचलून पाहिली असता तुळयांमधली जागा पोकळ आढळली. तेथे खनिज लोकर (दगड किंवा काच वितळवून केलेले, आवाज शोषणारे तंतू) भरण्याचा सल्ला मिळाला आहे, परंतु कंपने तुळयांमधूनच खाली उतरत असल्याने केवळ तेवढ्याने भागेल असे मला वाटत नाही.

खालून दुसरे छत लावता येणार नाही, कारण खालच्या खोल्यांची रंगवलेली लाकडी छते झाकण्यास परवानगी नाही, आणि ती झाकावीत अशी आमचीही इच्छा नाही. या खोल्यांचे सारे सौंदर्य त्यांतच आहे. वरून जमीन जास्तीत जास्त ३० मिलिमीटर उचलता येईल, अन्यथा मूळ दारे खालून कापावी लागतील. काँक्रीटचा थर तुळयांना पेलणार नाही, असे संरचना अभियंत्यांनी सांगितले आहे.

एवढ्या उंचीत, रबर किंवा कॉर्कच्या थरावर, तुळयांना खिळे न ठोकता तरंगती जमीन बसवण्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि तिने ती धपधप प्रत्यक्षात कितपत कमी झाली?